मोटारगाडीची सुकाणू यंत्रणा आणि तिच्यातील सैलपणा

चालकाने हातातील चक्र फिरविले असता गाडीची पुढील चाके त्या प्रमाणात वळविणाऱ्या योजनेला सुकाणू यंत्रणा म्हणतात. व्यवहारात ती स्टिअरिंग या नावाने परिचित आहे. चक्र थोडे फिरविले तरी चाके जागची हलत नाहीत, अशा वेळी वाया जाणाऱ्या या फिरण्याला यंत्रणेचा सैलपणा म्हणतात. कार्यशाळांत त्यासाठी ‘प्ले’ हा शब्द रूढ आहे. अल्प सैलपणा दोष नसून गरज असते, कारण एकमेकांत फिरणाऱ्या भागांमध्ये वंगणाच्या थरापुरती फट हवीच. जुन्या गाडीत मात्र ही फट वाढत जाते, सरळ रस्त्यावरही गाडी सतत सावरत न्यावी लागते व आणीबाणीच्या प्रसंगी ती चालकाच्या हातास उशिरा दाद देते. हा दोष बहुधा एकाच भागाचा नसून चक्रापासून चाकापर्यंतच्या साखळीतील अनेक दुव्यांच्या झिजेची ती बेरीज असते. सुकाणूच्या सु. दोनशे वर्षांच्या इतिहासात ही झीज नाहीशी झाली नाही. ती कोठे साचावी आणि कोणत्या उपायाने दूर व्हावी, एवढेच बदलत गेले.

घोडागाडीचा वारसा : चारचाकी घोडागाडीत पुढील संपूर्ण आस मध्यभागी असलेल्या एका खिळीभोवती फिरत असे. अशी आस वळली की गाडीचा आधार अरुंद होई व तीव्र वळणावर गाडी कलंडण्याचा धोका असे. यावर उपाय म्हणून आस स्थिर ठेवून तिच्या टोकांशी दोन्ही चाके स्वतंत्र खिळींवर वळविण्याची कल्पना पुढे आली. इंग्लंडमध्ये इरॅस्मस डार्विन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यानंतर या दिशेने रचना केली होती. म्यूनिक येथील गाडी तयार करणारे गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१६ च्या सुमारास ती पुन्हा सिद्ध केली आणि त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी, चित्रांचे प्रकाशक रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये तिचे इंग्लंडमधील एकस्व (पेटंट) घेतले. त्यामुळे ही भूमिती आकरमान यांच्याच नावाने ओळखली जाते. वळणात आतील चाक लहान वर्तुळावर फिरत असल्याने ते बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनातून वळावे लागते, हे तिचे सार होय. फ्रान्समध्ये आमेदे बॉले यांच्या १८७३ च्या वाफेच्या गाडीत स्वतंत्रपणे वळणारी पुढील चाके होती, तर शार्ल झांतो यांनी १८७८ मध्ये ही भूमिती अधिक सुधारली.

या बदलामुळे गाडी स्थिर झाली. पण एका खिळीच्या जागी दोन खिळी, दोन भुजा व त्यांना जोडणारा दांडा आला. सैलपणा साचण्याच्या जागा येथूनच वाढू लागल्या. कार्ल बेंझ यांनी १८८५ मध्ये बनविलेल्या आणि १८८६ मध्ये एकस्व मिळालेल्या गाडीस पुढे एकच चाक होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना टाळता आला. चारचाकी गाडीसाठी त्यांनी १८९३ मध्ये दोन खिळींच्या सुकाणूचे एकस्व घेतले व व्हिक्टोरिया ही गाडी त्यानुसार तयार केली.

चक्र व पेटी : आरंभीच्या गाड्या नावेच्या सुकाणूसारख्या आडव्या दांड्याने वळविल्या जात. दांड्याची हालचाल थेट चाकांस पोहोचे व रस्त्याचा प्रत्येक धक्का तितक्याच थेटपणे हातास बसे. १८९४ च्या पॅरिस–रूआं स्पर्धेत आल्फ्रेद व्हाशरों यांनी आपल्या पानार गाडीस दांड्याऐवजी चक्र बसविले. पानार कंपनीने १८९८ पासून चक्र नेहमीचे म्हणून स्वीकारले व थोड्याच वर्षांत ते सर्वत्र रूढ झाले.

गाड्या जड व वेगवान होऊ लागल्यावर चालकाचे बळ वाढविण्यासाठी चक्र व चाके यांच्यामध्ये दंतचक्रांची घट आवश्यक ठरली. फोर्डच्या मॉडेल टी या गाडीत (१९०८–२७) ही घट चक्राच्या खालीच बसविलेल्या लहान दंतचक्रांच्या संचाने साधली होती व ती सुरुवातीस केवळ ४:१ होती. या गाडीचे सांधे फार झिजले, तर पूर्ण वळणात भुजा मध्यरेषेपलीकडे जाऊन सुकाणू उलट अडकण्याचा धोका असे. इतर बहुतेक निर्मात्यांनी सांगाड्यावर पक्की बसविलेली, वंगणाने भरलेली स्वतंत्र सुकाणू पेटी वापरली. तिच्यात सुकाणू दंडाच्या टोकाशी आटे असलेला वर्म असून तो दात असलेला एक वर्तुळखंड, म्हणजे सेक्टर, फिरवितो. सेक्टरच्या दंडावर पेटीबाहेर ड्रॉप आर्म ही भुजा बसविलेली असते व तिची हालचाल दांड्यांमार्फत चाकांकडे जाते. सेक्टरऐवजी रोलर, नट किंवा खुंटी वापरलेले प्रकारही पुढे आले. १९४० च्या सुमारास जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाने वर्म व नट यांच्या आट्यांत पोलादी गोळ्या फिरविणारी पेटी प्रचारात आणली. तिच्यात घसरणारे घर्षण जाऊन लोटण घर्षण आल्याने झीज व लागणारे बळ ही दोन्ही कमी झाली.

पेटीतील झिजेचे एक वैशिष्ट्य निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गाडी आपला बहुतेक काळ सरळ जाते, म्हणून वर्मचा मधला भाग सर्वांत अधिक झिजतो व टोकांकडील भाग जवळजवळ नवा राहतो. हे ओळखून निर्माते वर्म व सेक्टर यांची पकड मध्यभागी मुद्दाम किंचित घट्ट ठेवीत. नव्या पेटीतील चक्र सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरविल्यास मध्याजवळ थोडा अवरोध जाणवतो, तो याच कारणाने. पेटीवरील समायोजन स्क्रूने ही पकड पुन्हा घट्ट करता येते; मात्र तिला मर्यादा असते.

नवे सांधे, नवी झीज : १९२० नंतरच्या दशकात कमी वायुदाबाचे रुंद टायर व पुढील चाकांचे गतिरोधक सर्वत्र आले, आणि पुढील चाके विशिष्ट वेगाला थरथरण्याचा दोष ठळक झाला. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांत पुढील चाकांची स्वतंत्र निलंबन योजना आणली. दोन्ही चाके वेगवेगळी वर-खाली होऊ लागल्याने त्यांना जोडणारा एकच लांब टाय रॉड चालेना. त्याचे तुकडे करावे लागले व पलीकडील बाजूस आधारासाठी आणखी एक भुजा बसवावी लागली. प्रवास सुखकर झाला, पण सांध्यांची संख्या वाढली. अमेरिकेत १९५२ च्या लिंकन गाडीपासून किंगपिनऐवजी गोलक सांधे येऊ लागले.

जुन्या टाय रॉडच्या टोकाशी गोलक, वाटी, स्प्रिंग आणि आट्यांचे बूच असे. झीज झाल्यावर बूच पूर्ण आवळून थोडे मागे घेत व भोकात कॉटर पिन घालून पक्के करीत. अशा सांध्यांना व किंगपिनला ठराविक अंतरानंतर निपलमधून ग्रीस द्यावे लागे. १९६० नंतर क्रमाक्रमाने आयुष्यभराचे वंगण भरून बंद केलेले सांधे प्रचारात आले. त्यांना ग्रीस लागत नाही, परंतु ते आवळताही येत नाहीत. झिजले की बदलावे लागतात. सैलपणा दूर करण्याची रीत समायोजनाकडून बदलीकडे सरकली, ती या टप्प्यावर.

दंतपट्टी व पिनियन : वर्म पेटीला समांतर अशी दुसरी परंपरा दंतपट्टीची, म्हणजे रॅकची, आहे. सुकाणू दंडाच्या टोकावरील लहान पिनियन एका आडव्या दंतपट्टीला डावी-उजवीकडे सरकवितो व पट्टीची टोके टाय रॉडमार्फत चाकांना जोडलेली असतात. १९३६ मध्ये सीत्रोएनच्या ट्रॅक्सियाँ आव्हाँ गाडीस, तर १९४८ मध्ये अ‍ॅलेक इसिगॉनिस यांच्या मॉरिस मायनर गाडीस ही योजना होती. यात दुवे कमी असल्याने सैलपणाही कमी राहतो. पट्टी पिनियनवर दाबून धरणारी स्प्रिंगची खुंटी असते व तिच्याखालील पातळ चकत्या कमी-अधिक करून पकड नेमकी करता येते. टोकांवरील रबरी घड्यांचे आवरण फाटले, तर धूळ व पाणी आत शिरून पट्टी अल्पावधीत खराब होते. मॉरिस मायनरच्या बाबतीत सुकाणू पट्टीपेक्षा चाकाच्या खिळीचा आटेदार खालचा सांधा अधिक धोक्याचा ठरला. त्यास ग्रीस न मिळाल्यास आटे झिजत व सांधा निसटून चाक गाडीखाली मोडून पडे. एक भाग निर्दोष असल्याने संपूर्ण साखळी निर्दोष ठरत नाही, याचे हे उदाहरण होय.

भारतातील गाड्या : १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलीज जीपमध्ये रॉस पद्धतीची पेटी होती. तिच्यात वर्मसारख्या कॅमच्या खाचेत भुजेच्या खुंट्या फिरत. पेटीतून येणारी हालचाल पुढील आसेच्या मध्यभागी असलेल्या एका कोनाकृती भुजेमार्फत दोन टाय रॉडना मिळे. या भुजेची खीळ व बुश झिजल्यावर पेटी कितीही आवळली तरी जीप डगमगतच राही. मॉरिस ऑक्सफर्डवरून उत्तरपाडा येथे बनविलेल्या अ‍ॅम्बॅसडरला (१९५७–२०१४) दंतपट्टी होती. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० व नंतरच्या प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांना वर्म जातीची पेटी होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत पद्मिनीने अनेक दशके काम केले. या जातीची शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती सेवेतून बाद झाली. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून लहान गाड्यांत दंतपट्टी सर्वमान्य झाली.

मापन व कायदा : चक्राच्या कडेवर मोजलेला सैलपणा प्रत्यक्ष फटीपेक्षा पुष्कळ मोठा दिसतो, कारण पेटीतील घट उलट दिशेने त्याचे गुणन करते. उदा., चाकाकडील भुजा १५ सेंमी. लांब व घट १६:१ असेल, तर टाय रॉडच्या एका सांध्यातील १ मिमी. फटीमुळे चाक सु. ०·३८° मोकळे राहते. चक्रावर तीच फट सु. ६° होते व ३८ सेंमी. व्यासाच्या चक्राच्या कडेवर ती सु. २ सेंमी. भरते. अशा चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिमी. झीज झाली, तरी एकूण परिणाम ४ सेंमी.च्या घरात जातो. प्रत्येक सांधा वेगळा तपासला असता ‘चालेल’ असा वाटतो व गाडी मात्र चालविण्यास अयोग्य ठरते, याचे कारण हे गणित आहे.

भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ व्या नियमानुसार चक्रावरील सैलपणा ३०° हून अधिक असता कामा नये. तसेच सुकाणूचे गोलक सांधे रबरी टोप्यांनी झाकलेले असावे लागतात. ३८ सेंमी. व्यासाच्या चक्रावर ३०° म्हणजे कडेवर सु. १० सेंमी. होत. ही कायद्याची बाह्य मर्यादा असून चांगल्या देखभालीचे माप नव्हे. ब्रिटनमधील वार्षिक तपासणीत तेवढ्याच व्यासाच्या चक्रासाठी पेटी असलेल्या गाडीस सु. ७५ मिमी. व साध्या दंतपट्टीच्या गाडीस सु. १३ मिमी. अशी वेगवेगळी मर्यादा मानली जाते. एकच माप एका योजनेत सामान्य, तर दुसऱ्या योजनेत गंभीर दोषाचे लक्षण ठरू शकते.

निदान : सैलपणाचा शोध नेहमी चाकाकडून सुरू करावा व पेटी शेवटी तपासावी, असा अनुभवसिद्ध क्रम आहे. प्रथम टायरमधील हवा, टायरची झीज व चाकांच्या नटांची घट्टाई पाहतात. कमी हवेची किंवा असमान झिजलेली टायरे असताना गाडी भरकटते. पण चक्र हलविताच चाके प्रतिसाद देत असतील, तर तो सैलपणा नव्हे. पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या गाडीत यू-बोल्ट व शॅकलचे बुश ढिले झाल्यास संपूर्ण आसच मागे-पुढे सरकते.

यानंतर गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने चक्र सैलपणाच्या मर्यादेत डावीकडे-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने साखळीतील दुवे ओळीने पाहावेत. सांध्याच्या एका बाजूचा भाग हलतो व दुसऱ्या बाजूचा थांबून मग हलतो, तेथे झीज आहे. बोट सांध्यावर ठेवल्यास डोळ्यास न दिसणारी खडखड स्पर्शाने कळते. पेटी सांगाड्यावर जेथे बसविलेली असते तेथील बोल्ट व पत्रा विशेष काळजीने पाहावा लागतो. पेटीच जर जागची हलत असेल किंवा तेथे सांगाड्याला तडा असेल, तर आतील समायोजन निरर्थक होय.

पुढची बाजू जॅकवर उचलून व भक्कम ठोकळ्यांवर टेकवून चाक वर-खाली धरून हलविले असता फट जाणवल्यास दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा किंगपिनमध्ये असतो. साहाय्यकाने गतिरोधक दाबल्यावर फट नाहीशी झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन अथवा गोलक सांधा दोषी समजतात. चाक दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलविल्यास टाय रॉडची टोके तपासली जातात. या सर्व ठिकाणी दोष न आढळल्यासच पेटीकडे वळावे. ड्रॉप आर्म स्थिर असताना चक्र फिरत असेल, तर सैलपणा पेटीत किंवा सुकाणू दंडाच्या जोडणीत असतो.

दुरुस्ती : पेटीवरील स्क्रू बाहेरून दिसतो व आवळण्यास क्षणाचा वेळ लागतो, म्हणून पुष्कळदा दुरुस्ती तेथूनच सुरू केली जाते. असे केल्याने सांध्यांतील खरा दोष झाकला जातो व नवा दोष निर्माण होतो. झिजलेल्या मध्यभागातील सर्व फट काढण्याइतका स्क्रू आवळला, तर न झिजलेल्या टोकांकडे वर्म व सेक्टर एकमेकांत रुततात. वळण संपल्यावर चक्र आपोआप सरळ होत नाही व घाटातील तीव्र वळणावर ते जड होऊन अडकू शकते. सैल सुकाणूपेक्षा अडकणारे सुकाणू अधिक धोकादायक असते.

योग्य पद्धतीत ड्रॉप आर्मपासून दांडा प्रथम सोडवितात. चक्राचे टोकापासून टोकापर्यंतचे फेरे मोजून ते बरोबर निम्म्यावर आणतात. आधी वर्मच्या बेअरिंगमधील लांबीच्या दिशेची फट चकत्या काढून किंवा नट आवळून दूर करतात व त्यानंतरच सेक्टरचा स्क्रू थोडाथोडा फिरवितात. चक्राच्या कडेस स्प्रिंग-काटा लावून लागणारा ओढ निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहतात. मध्य नेमका केल्यावर टोकांकडे चक्र जड होत असेल, तर समायोजनाची मर्यादा संपली असून वर्म व सेक्टर बदलणे हाच उपाय उरतो. पेटीत निर्मात्याने सांगितलेले दंतचक्रांचे दाट तेल असावे लागते. तेल गळते म्हणून घट्ट ग्रीस भरल्यास ते बाजूस ढकलले जाऊन वर्मकडे परत वाहत नाही व झीज वाढते.

किंगपिनचे बुश दाबून बसविल्यावर रीमरने दोन्ही एका रेषेत मापास आणावे लागतात. गोलक सांधे हातोडीने ठोकून आवळणे, झिजलेल्या बुशात पत्र्याची पट्टी घालणे, वाकलेली भुजा तापवून सरळ करणे किंवा तिला वेल्डिंग करणे हे उपाय वर्ज्य आहेत. या भुजा उष्णता-संस्कार केलेल्या घडीव पोलादाच्या असतात. तापविल्याने तो संस्कार जातो आणि तुटण्यापूर्वी त्या कोणतीही सूचना देत नाहीत. काढलेली कॉटर पिन पुन्हा वापरू नये. टाय रॉडचे टोक बदलल्यावर पुढील चाकांमधील अंतर पुन्हा मोजून जुळविणे अगत्याचे असते, अन्यथा सैलपणा गेला तरी टायरे लवकर झिजतात.

अलीकडील स्थिती : फ्रान्सिस डब्ल्यू. डेव्हिस यांनी १९२६ मध्ये द्रवीय दाबाने चालकास साहाय्य करणारे सुकाणू प्रत्यक्ष गाडीत बसवून दाखविले. १९५१ च्या क्रायस्लर इंपीरियल गाडीपासून ते बाजारात आले. १९८८ मध्ये सुझुकी सर्व्हो या लहान गाडीत विद्युत् चलित्राचे साहाय्य आले व पुढे ते बहुसंख्य गाड्यांत रूढ झाले. साहाय्यामुळे हातास लागणारे बळ कमी झाले, तसाच रस्त्याचा स्पर्शही मंदावला. त्यामुळे सांध्यातील आरंभीची झीज चालकास पूर्वीइतकी लवकर जाणवत नाही. चक्र व चाके यांमधील गोलक सांधे, बेअरिंग आणि दंतपट्टी मात्र या गाड्यांतही कायम असून त्यांची तपासणी हात, डोळे व एक साहाय्यक यांच्या आधारेच केली जाते. संग्रही ठेवलेल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत मूळ वर्म व सेक्टर दुर्मिळ झाल्याने दांडे व सांधे आधी निर्दोष करून पेटीवरील स्क्रूला शेवटी हात लावणे, हा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरला आहे.